कादंबरीकाराचा चरितार्थ

कादंबरीलेखनावर उपजीविका करण्याचा प्रयत्न व त्यातून निर्माण होणारे आर्थिक प्रश्न. कादंबरी हा वाङ्‌मयप्रकार मुद्रणकलेच्या प्रसारानंतरच्या काळात वाढीला लागला. काव्याला राजाश्रय, नाटकाला रंगभूमीचे उत्पन्न व धर्मग्रंथाला धर्मसंस्थेचा आधार होता. कादंबरीला मात्र आरंभापासून अनोळखी, विखुरलेल्या वाचकावर अवलंबून राहावे लागले. तो वाचक आणि लेखक यांच्यामध्ये मुद्रक, प्रकाशक, पुस्तकविक्रेते, वाचनालये व नियतकालिके अशी मध्यस्थांची एक साखळी असते. या साखळीतून लेखकाच्या हाती काय पडते, यावर त्याचा चरितार्थ आणि पुष्कळदा त्याच्या कादंबरीचे स्वरूपही अवलंबून असते. या संबंधांचा सर्वांत सविस्तर इतिहास इंग्लंडमध्ये उपलब्ध आहे. तेथील लेखकांचे करार, हिशेब व पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर जतन झालेले आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याच इतिहासाचा परामर्श घेतला आहे.

स्वामित्वहक्काचा उदय : इंग्लंडमध्ये १७१० च्या कायद्याने पुस्तकाचा स्वामित्वहक्क प्रथमच लेखकाकडे असल्याचे मान्य झाले. प्रकाशनापासून चौदा वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे, अशी या हक्काची मुदत होती. लंडनचे पुस्तकविक्रेते मात्र हा हक्क शाश्वत असल्याचा दावा करीत राहिले. १७७४ मध्ये लॉर्ड्‌स सभेने डॉनल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात तो दावा फेटाळला. कायद्याने लेखकाला विकण्यासारखी मालमत्ता मिळाली खरी. पण हाती पैसा नसलेल्या लेखकाला ती बहुधा एकरकमी आणि कायमची विकावी लागे. पुस्तक गाजले, तर पुढील सर्व लाभ विकत घेणाऱ्याचा होई.

अठराव्या शतकातील व्यवहारांत त्यामुळे विलक्षण तफावत आढळते. हेन्री फील्डिंगला (१७०७–५४) टॉम जोन्स (१७४९) या कादंबरीबद्दल अँड्रू मिलर या प्रकाशकाने ६०० पौंड दिले. ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. उलट, घरभाडे थकल्याने अटकेची पाळी आलेल्या ऑलिव्हर गोल्डस्मिथचे द व्हिकार ऑफ वेकफील्ड हे हस्तलिखित सॅम्युएल जॉन्सनने (१७०९–८४) सु. साठ पौंडांना विकून दिले. विकत घेणाऱ्यांना त्याच्या यशाची एवढी थोडी खात्री होती, की ते १७६६ पर्यंत छापलेही गेले नाही. खुद्द जॉन्सनने रासेलस (१७५९) ही कथा आईच्या अंत्यविधीचा खर्च व तिचे लहानसहान देणे भागविण्यासाठी अल्पावधीत लिहिली. तिचे त्याला १०० पौंड व दुसऱ्या आवृत्तीचे आणखी २५ पौंड मिळाले.

फॅनी बर्नीने (१७५२–१८४०) एव्हलिना (१७७८) ही पहिली कादंबरी वीस गिनींना विकली व ती गाजल्यावर झालेला तोटा तिच्या लक्षात आला. कॅमिला (१७९६) ही कादंबरी तिने वर्गणीदारांची नावे आधी नोंदवून काढली व तिच्यापासून भरघोस प्राप्ती केली. त्या वर्गणीदारांच्या यादीत जेन ऑस्टेन हे नाव होते.

जेन ऑस्टेनचा (१७७५–१८१७) अनुभव या व्यवहारांतील जवळजवळ सर्व प्रकारांचे दर्शन घडवितो. १८०३ मध्ये तिने एक कादंबरी दहा पौंडांना विकली. परंतु प्रकाशकाने ती छापलीच नाही. १८१६ मध्ये तेवढीच रक्कम परत देऊन ती सोडवून घेण्यात आली व लेखिकेच्या मृत्यूनंतर नॉर्थॅंगर ॲबी या नावाने प्रसिद्ध झाली. सेन्स अँड सेन्सिबिलिटी (१८११) तिने स्वतःच्या जोखमीवर काढली आणि पहिल्या आवृत्तीत १४० पौंड मिळविले. प्राइड अँड प्रेजुडिस (१८१३) या कादंबरीचे सर्व हक्क मात्र तिने ११० पौंडांना देऊन टाकले. पुढील आवृत्त्यांचा लाभ तिला झाला नाही. त्यानंतर जॉन मरी या प्रकाशकाने तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी देऊ केलेले ४५० पौंड तिने नाकारले व एमा स्वतःच्या जोखमीवर काढली. परंतु मॅन्सफील्ड पार्कच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेली तूट एमाच्या नफ्यातून वळती झाल्याने तिच्या हाती चाळीस पौंडही पडले नाहीत. आयुष्यभराच्या लेखनाची तिची एकूण मिळकत सातशे पौंडांच्या आसपासच राहिली. भावांचा व कुटुंबाचा आधार नसता, तर एवढ्या उत्पन्नावर तिला स्वतंत्रपणे राहणे शक्य झाले नसते.

कराराचे प्रकार : एकोणिसाव्या शतकात लेखक व प्रकाशक यांच्यातील करार सामान्यतः पुढील प्रकारचे असत. (१) सर्व हक्कांची कायमची विक्री. (२) ठराविक वर्षांसाठी किंवा ठराविक आवृत्तीपुरती हक्कांची विक्री. (३) निम्मा नफा : छपाई, कागद, बांधणी व जाहिरात यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे दोन समान भाग, यात हिशेब प्रकाशक ठेवी, त्यामुळे ‘नफा’ किती हे ठरविणेही त्याच्याच हाती असे. (४) दलाली पद्धत : सर्व खर्च व जोखीम लेखकाची आणि विक्रीवर प्रकाशकाचे अडत. (५) रॉयल्टी : विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे किंमतीचा ठराविक हिस्सा. ही पाचवी पद्धत शतकाच्या अखेरच्या काळातच रूढ झाली. नवख्या लेखकाला पदरचे पैसेही घालावे लागत. एमिली व ॲन या ब्राँटी भगिनींकडून वदरिंग हाइट्स व ॲग्नेस ग्रे या कादंबऱ्यांसाठी (१८४७) प्रकाशकाने ५० पौंड आगाऊ घेतले. टॉमस हार्डीने (१८४०–१९२८) डेस्परेट रेमिडीज (१८७१) या पहिल्या प्रकाशित कादंबरीसाठी ७५ पौंड भरले व त्यांपैकी सु. साठच त्याला परत मिळाले. दुसरी कादंबरी त्याने तीस पौंडांना कायमची विकली.

विवाहित लेखिकांची स्थिती आणखी बिकट होती. १८७० च्या कायद्यापूर्वी पत्नीने मिळविलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने पतीच्या मालकीचा होता. पतीपासून विभक्त राहणाऱ्या कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेच्या लेखनप्राप्तीवरही तिच्या पतीने हक्क सांगितला. तिने त्याविरुद्ध केलेल्या लेखनाने या कायद्यातील अन्यायाकडे इंग्लंडचे लक्ष वेधले.

वॉल्टर स्कॉट व दिवाळखोरी : सर वॉल्टर स्कॉटच्या (१७७१–१८३२) यशाने कादंबरीलेखन हा मोठ्या धनप्राप्तीचा व्यवसाय होऊ शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. वेव्हर्ली (१८१४) पासून त्याच्या कादंबऱ्यांना प्रचंड खप लाभला. केनिलवर्थ (१८२१) ही त्याची कादंबरी तीन खंडांत, साडेएकतीस शिलिंगांना प्रसिद्ध झाली आणि हीच किंमत पुढे सत्तर वर्षे इंग्रजी कादंबरीची रूढ किंमत होऊन बसली. परंतु स्कॉट बॅलंटाइन या मुद्रणसंस्थेचा गुप्त भागीदार होता. न लिहिलेल्या कादंबऱ्यांपोटी प्रकाशकांकडून हुंड्या घ्यावयाच्या व त्या आधारावर ॲबट्सफर्ड येथील जमीन व वास्तू वाढवीत राहावयाचे, असा त्याचा क्रम होता. १८२५-२६ च्या आर्थिक अरिष्टात त्याचा प्रकाशक कॉन्स्टेबल बुडाला आणि स्कॉटवर सु. एक लाख वीस हजार पौंडांच्या कर्जाचा बोजा आला. दिवाळे जाहीर करण्याऐवजी त्याने लेखनाने हे कर्ज फेडण्याचे ठरविले. पुढील सहा वर्षांत त्याने अविश्रांत लिहून कर्जाचा मोठा भाग फेडला. परंतु त्यात त्याची प्रकृती खचली. उरलेले कर्ज त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या ग्रंथांच्या स्वामित्वहक्कांतून फिटले.

वाचनालये व त्रिखंडी कादंबरी : साडेएकतीस शिलिंग ही किंमत मध्यमवर्गीय कुटुंबाच्याही आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे कादंबऱ्या विकत घेण्याऐवजी वर्गणी भरून वाचनालयातून आणल्या जात. चार्ल्स एडवर्ड म्यूडी याने १८४२ मध्ये सुरू केलेल्या वाचनालयाची वार्षिक वर्गणी एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग होती. एका कादंबरीच्या किंमतीहूनही ती कमी होती. या वर्गणीत एका वेळी एक खंड मिळे. म्हणून तीन खंडांची एक कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या हाती असू शके. प्रकाशकाच्या दृष्टीनेही ही व्यवस्था सोयीची होती. म्यूडीने काही शे प्रती मोठ्या सवलतीने उचलल्या, की खर्च भरून निघे व नव्या लेखकाची पहिली कादंबरी छापण्याची जोखीम बेताची राही.

या व्यवस्थेची किंमत लेखकाला दोन प्रकारे मोजावी लागे. पहिली, तीन खंड भरतील एवढा मजकूर लिहिण्याची सक्ती. उपकथानके, लांबलेले संवाद व सविस्तर वर्णने यांचा व्हिक्टोरियन कादंबरीत आढळणारा सुकाळ काही अंशी या सक्तीतून आलेला आहे. दुसरी, म्यूडीच्या नीतिकल्पनांची अप्रत्यक्ष सत्ता. जी कादंबरी कुटुंबात उघडपणे वाचता येणार नाही असे त्याला वाटे, ती तो घेत नसे आणि त्याने नाकारलेल्या कादंबरीला बाजार जवळजवळ उरत नसे. जॉर्ज मूर याने लिटरेचर ॲट नर्स (१८८५) या पुस्तिकेत या सत्तेवर कडाडून हल्ला चढविला. जून १८९४ मध्ये म्यूडी व डब्ल्यू. एच्. स्मिथ या दोन्ही वाचनालयांनी, प्रत्येक खंडास चार शिलिंगांहून अधिक देणार नाही व वर्षाच्या आत स्वस्त आवृत्ती काढता कामा नये, अशा अटी प्रकाशकांना घातल्या. त्यामुळे त्रिखंडी कादंबरी किफायतशीर राहिली नाही. १८९४ मध्ये अशा १८४ कादंबऱ्या निघाल्या होत्या. १८९७ मध्ये फक्त चार निघाल्या.

हप्त्यांनी प्रकाशन : वाचनालयांना पर्याय निर्माण केला, तो चार्ल्स डिकिन्झने (१८१२–७०). द पिक्‌विक पेपर्स (१८३६-३७) ही कादंबरी एक शिलिंग किंमतीच्या मासिक भागांत निघाली. बहुतेक भागांत बत्तीस पृष्ठे मजकूर, दोन चित्रे आणि जाहिराती असत. ज्या वाचकाला साडेएकतीस शिलिंग एकदम देणे शक्य नव्हते, तो वीस महिन्यांत वीस शिलिंग सहज देई. आरंभी काही शे असलेला खप अखेरीस चाळीस हजारांपर्यंत गेला. प्रकाशकालाही एका भागाच्या विक्रीतून पुढील भागाचा खर्च काढता येई. डिकिन्झला आरंभी दरमहा सु. चौदा पौंड मिळत. या यशानंतर आपण पूर्वी घाईने केलेले करार किती महाग पडले, हे त्याला कळून आले. ऑलिव्हर ट्विस्टचे हक्क त्याला १८४० मध्ये परत विकत घ्यावे लागले. पुढे त्याने स्वतःची साप्ताहिके चालविली आणि १८५८ पासून स्वतःच्या लेखनाचे जाहीर वाचन करून मोठी प्राप्ती केली. १८६७-६८ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याला सु. वीस हजार पौंड मिळाले. परंतु या दौऱ्यांच्या श्रमांनी त्याचा अंत लवकर ओढवला, असे चरित्रकार मानतात. त्याने सु. ९३,००० पौंडांची संपत्ती मागे ठेवली.

खपाने नफा होतोच असे नाही, याचेही उदाहरण डिकिन्झच्याच चरित्रात आहे. अ ख्रिसमस कॅरल (१८४३) या पुस्तकाच्या सहा हजार प्रती पाहता पाहता खपल्या. परंतु रंगीत चित्रे व उंची बांधणी यांवर खर्च झाल्याने एक हजाराच्या अपेक्षेऐवजी त्याला २३० पौंडच मिळाले. त्याची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांविरुद्धचा खटला तो जिंकला; पण प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि खटल्याचा खर्च त्याच्याच अंगावर पडला.

अमेरिकेत तर ब्रिटिश लेखकांना कायद्याचे संरक्षणच नव्हते. तेथील प्रकाशक इंग्रजी कादंबऱ्या मोबदला न देता छापीत. फार तर छापील फर्मे सर्वांआधी मिळावेत म्हणून काही रक्कम देत. १८४२ च्या दौऱ्यात डिकिन्झने याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी त्याच्यावर धनलोभाचा आरोप केला. अमेरिकेने परकीय लेखकांचे हक्क १८९१ च्या कायद्याने, तेही अटींसह, मान्य केले.

१८६० पासून कॉर्नहिलसारख्या मासिकांनी क्रमशः प्रकाशनासाठी मोठ्या रकमा देण्यास सुरुवात केली. जॉर्ज एलियटला (१८१९–८०) रोमोला या कादंबरीसाठी कॉर्नहिलच्या मालकाने दहा हजार पौंड देऊ केले होते. मजकुराची विभागणी आपल्या मनाप्रमाणे व्हावी म्हणून तिने सात हजार स्वीकारले. अशी निवड करणे थोड्याच लेखकांना परवडे. हार्डीला टेस (१८९१) ही कादंबरी साप्ताहिकात छापून येण्यासाठी तीतील काही प्रकरणे गाळून व बदलून द्यावी लागली. पुस्तकात त्याने ती पुन्हा घातली.

ट्रॉलपचा हिशेब : या विषयावरील सर्वांत स्पष्ट साक्ष अँटनी ट्रॉलपची (१८१५–८२) आहे. टपाल खात्यात नोकरी करीत असतानाच तो पहाटे साडेपाचला लेखनास बसे; समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. पहाटे उठविण्यासाठी तो नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई. पहिल्या कादंबरीपासून (१८४७) त्याला काहीच मिळाले नाही. द वॉर्डन (१८५५) या कादंबरीने दोन वर्षांत सु. वीस पौंड दिले. कॉर्नहिलमधील फ्रॅम्ली पार्सनेज या कादंबरीचे मात्र त्याला एक हजार पौंड मिळाले. तरीही त्याने नोकरी सोडली ती १८६७ मध्ये, म्हणजे पहिल्या कादंबरीनंतर वीस वर्षांनी. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात (१८८३) त्याने प्रत्येक पुस्तकाची प्राप्ती नमूद करून एकूण बेरीज ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स अशी दिली आहे. लेखन ही इतर व्यवसायांप्रमाणे नियमित श्रमाने करावयाची गोष्ट आहे, हे त्याचे मत अनेकांना रुचले नाही आणि या हिशेबाने त्याच्या कीर्तीला काही काळ उणेपणा आला.

ट्रॉलपसारखे यश अपवादात्मक होते. मार्गारेट ऑलिफंट (१८२८–९७) या विधवा लेखिकेने स्वतःच्या मुलांचा व भावाच्याही कुटुंबाचा भार वाहण्यासाठी सु. शंभर कादंबऱ्या लिहिल्या. एवढ्या घाईने लिहावे लागले नसते, तर आपल्या हातून अधिक चांगले काही झाले असते का, हा प्रश्न तिने आत्मचरित्रात उपस्थित केला आहे. जॉर्ज गिसिंगने (१८५७–१९०३) पहिली कादंबरी स्वतःच्या १२५ पौंडांत छापली. तीन खंड भरण्यासाठी झिजणारा लेखक आणि बाजाराची नस ओळखणारा पत्रकार यांचे चित्र त्याने न्यू ग्रब स्ट्रीट (१८९१) या कादंबरीत रंगविले. ती कादंबरीही त्याला १५० पौंडांना सर्व हक्कांसह विकावी लागली. विपन्नावस्थेतील लेखकांना मदत करणारा रॉयल लिटररी फंड हा निधी १७९० पासून कार्यरत आहे.

संघटित प्रयत्न : वॉल्टर बेझंटच्या (१८३६–१९०१) पुढाकाराने १८८४ मध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ ही लेखकांची संघटना स्थापन झाली; कवी टेनिसन तिचा पहिला अध्यक्ष होता. संघटनेने छपाईच्या खऱ्या खर्चाचे आकडे प्रसिद्ध करून ‘निम्मा नफा’ पद्धतीतील फसवणूक उघड केली. याच काळात ए. पी. वॉट याने लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या अभिकर्त्याचा व्यवसाय रूढ केला; लेखकाच्या प्राप्तीतील दहा टक्के हा त्याचा मोबदला असे. मालिका-प्रकाशन, स्वस्त आवृत्ती, अमेरिकन आवृत्ती, भाषांतर व नाट्यरूपांतर हे हक्क वेगवेगळे विकता येतात, ही जाणीव त्यामुळे लेखकांत आली. १९०० मध्ये अमलात आलेल्या ‘नेट बुक’ करारानुसार विक्रेत्यांना ठरलेल्या किंमतीहून कमी किंमतीला पुस्तक विकण्यास मनाई झाली. किंमत स्थिर राहिल्याने रॉयल्टीही निश्चित झाली. हा करार १९९५ मध्ये मोडकळीस आला व १९९७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरविला.

विसाव्या शतकात सार्वजनिक ग्रंथालये वाढली. एकच प्रत शेकडो वाचक वाचीत, लेखकाला मात्र एकाच प्रतीची रॉयल्टी मिळे. ग्रंथालयांतील देवघेवीबद्दल लेखकाला मोबदला देण्याची पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये प्रथम सुरू केली. ब्रिटनमध्ये ब्रिजिड ब्रोफी व मॉरीन डफी या कादंबरीकर्त्रींनी चालविलेल्या चळवळीनंतर १९७९ मध्ये तसा कायदा झाला व १९८४ पासून रकमा मिळू लागल्या. तथापि केवळ लेखनावर जगणाऱ्यांची स्थिती सुधारलेली नाही. ब्रिटनमधील एका पाहणीनुसार व्यावसायिक लेखकांचे लेखनापासूनचे मध्यक वार्षिक उत्पन्न २००६ मध्ये १२,३३० पौंड होते. २०२२ मध्ये ते ७,००० पौंडांवर आले. स्त्रीला कादंबरी लिहावयाची, तर वर्षाला पाचशे पौंड व स्वतःची खोली हवी, असे व्हर्जिनिया वुल्फने (१८८२–१९४१) १९२९ मध्ये प्रतिपादिले होते. त्यातील रक्कम बदलली, तरी मूळ मुद्दा लागू राहिला आहे.

मराठी कादंबरीशी संबंध : इंग्रजी कादंबऱ्यांच्या स्वस्त वसाहती आवृत्त्या भारतात येत, मॅकमिलनने अशी माला १८८६ मध्ये सुरू केली. या आवृत्त्यांवरील रॉयल्टी कमी असे. हप्त्यांनी प्रकाशनाची पद्धतही मराठीत रुजली. ह. ना. आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० मध्ये पुण्यात करमणूक हे साप्ताहिक काढले व पण लक्षांत कोण घेतो? ही कादंबरी त्यात क्रमशः प्रसिद्ध केली. मात्र इंग्लंडप्रमाणे मोठा ग्राहकवर्ग मराठीत निर्माण झाला नाही. साक्षरता मर्यादित होती आणि पुस्तक विकत घेणारे त्याहूनही थोडे. त्यामुळे मराठी कादंबरीकाराचा चरितार्थ बहुधा अन्य व्यवसायावर चालला. आपटे आनंदाश्रम संस्थेचे काम पाहत, ना. सी. फडके (१८९४–१९७८) प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) शिरोडे येथे १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते व नंतर त्यांनी चित्रपटकथाही लिहिल्या. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती दीर्घकाळ हजार-अकराशे प्रतींची असे आणि तिचा मोठा भाग ग्रंथालये घेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर हे अवलंबित्व अधिकच वाढले.

कादंबरीकाराला व्यवसायाचे स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा त्याला बाजाराच्या अटी पाळाव्या लागल्या. नोकरीचा आधार घेतला, तेव्हा वेळ व शक्ती यांवर मर्यादा आल्या. बहुसंख्य कादंबऱ्या या दोहोंपैकी एका अडचणीत लिहिल्या गेल्या आहेत. कादंबरीची लांबी, रचना व विषय यांचा विचार करताना ही परिस्थिती लक्षात घेणे वाङ्‌मयेतिहासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.